माझी जाऊ उडी मारत नाही

माझ्या मोठ्या जावेइतकी संथ बाई अख्ख्या भंडारा जिल्ह्यात शोधून सापडायची नाही, आणि तिच्याइतका संताप मला आजवर कोणी आणलेला नाही. नवऱ्यानं नाही, पोरांनी नाही, सासूबाईंनीसुद्धा नाही, आणि सासूबाईंनी प्रयत्न पुष्कळ केले होते. मी सानगडीची. उंच, काटकुळी, तलावाच्या पाळीवरून धावत शाळेत जाणारी आणि शाळेत उंच उडीत कायम पहिली येणारी. लग्न होऊन जवाहरनगरच्या कॉलनीत आले, तेव्हा समोरच्याच क्वार्टरमध्ये थोरले दीर आणि ही. बुटकी, गोल, सपाट पावलांची. चालायला लागली की प्रत्येक पाऊल जमिनीला विचारून उचलते की काय असं वाटावं. पहिल्याच आठवड्यात मला कौतुकानं सांगण्यात आलं की ताई बास्केटबॉल खेळतात, कॉलनीच्या बायकांच्या टीमच्या गार्ड आहेत, आणि माझी उंची पाहून मलाही त्याच टीममध्ये घेतलं. गार्ड म्हणजे बॉल पुढे घेऊन येणारी, बाकीच्या चौघींना खेळवणारी. हे काम चपळ, लवचीक, हरणासारख्या पोरींचं, अशी माझी समजूत होती. आमच्याकडे ते ही करायची. दुसऱ्या गावांच्या टीमांना हिला पाहून पहिल्यांदा हसू यायचं. दुसऱ्यांदा यायचं नाही.

तिच्याबरोबर कुठंही चालत जाणं ही शिक्षा आहे. आठवडी बाजारात मी भाजीची सगळी ओळ पालथी घालून परत येते, तोवर ही पहिल्याच कांदेवाल्यापाशी उभी. आणि घरी येऊन पाहावं तर तिची पिशवी भरलेली, माझी अर्धी. विचारलं तर म्हणते, "तू पळत होती, मी घेत होती." मैदानावरही तोच प्रकार. बॉल हातात आला की आधी ती एक श्वास घेते. मग डाळ निवडायला बसल्यासारख्या शांतपणे टप्पे मारत निघते. समोरची बाई वाकून, हात पसरून, डोळे वटारून तयार असते. ही जवळ येते, आणखी हळू होते, जवळजवळ थांबतेच. समोरचीला वाटतं, दमली बिचारी. तिच्या टाचा टेकतात, खांदे सैल पडतात, आणि तेवढ्यात ही तिच्या शेजारून निघून गेलेली असते. तेही पळत नाही. चालण्यापेक्षा जरा बरं, इतकंच. एकदा मी चिडून म्हटलं, "ताई, जराशा पळत जा ना वो, लोक हासून राहिले." तर मला म्हणाली, "पळता त कुत्र्यालेबी येते. थांबता आलं पायजे." माझ्या आयुष्यातली सगळी बक्षिसं पळण्याची नि उडीची आहेत. त्या सगळ्या कपांवर तिनं असं एका वाक्यात पाणी ओतलं आणि वर मलाच म्हणाली, चल, चहा ठेव.

हिला हे सगळं कोणत्या कोचनं शिकवलं म्हणाल, तर कोणीच नाही. लग्नाच्या पंगतीनं शिकवलं, असं माझं ठाम मत आहे. आमच्याकडे गावाकडच्या लग्नात अजून पंगत बसते आणि वाढायला घरचीच माणसं असतात. जाऊ वाढायला निघाली की पाहावं. हातात बुंदीचं भांडं आणि नजर पार टोकाच्या पत्रावळीवर. कुणाचा भात संपत आलाय, कुणाला वरण हवंय पण मागायला लाजतोय, कुणाचं जेवण होऊन तो उगाच रेंगाळतोय, हे तिला मान न वळवता कळतं. आणि तिचा आग्रह तर विचारूच नका. नको म्हणणारे पाहुणे पत्रावळीवर दोन्ही हात आडवे धरून बसतात, हे तुम्हाला माहीत आहेच. ही अशा पाहुण्याकडे पाहतच नाही. ती त्याच्या शेजाऱ्याकडे पाहून हसते, "भाऊजी, तुमी त काहीच नाही घेतलं," म्हणते. पाहुणा निश्चिंत होऊन हात बाजूला घेतो आणि बुंदी त्याच्या पत्रावळीवर पडते. शेजारच्या भाऊजींना काहीच मिळत नाही, ते नुसतेच हसत राहतात. आमचे मामेसासरे दर लग्नात फसतात, दर लग्नात रागावतात आणि दर लग्नात ती बुंदी खातात. बॉलचंही अगदी असंच. ती डावीकडच्या पोरीकडे पाहते, तिला नावानं हाकसुद्धा मारते, समोरच्या दोघी तिकडे धावतात, आणि बॉल उजवीकडे माझ्या हातात येऊन बसलेला असतो. घरातही तिनं हाच उद्योग केला. सासूबाई विचारायच्या, "पापड कोन लाटून देते वो?" ही खिडकीबाहेर पाहत, दुसऱ्याच कुठल्यातरी विचारात असल्यासारखी उभी असायची, आणि लाटणं माझ्या हातात. ते कधी आलं, कुठून आलं, मला आजही सांगता यायचं नाही.

डाव्या हाताचीही तिची एक तऱ्हा आहे. बॉल दोन्ही हातांना सारखाच ओळखीचा पाहिजे म्हणून ती घरातली निम्मी कामं डाव्या हातानं करायची. पोळी डाव्या हातानं उलटायची, झाडू डाव्या हातानं मारायची, कुकरचं झाकण डाव्या हातानं लावायची. सासूबाई हे सगळं निमूट पाहायच्या, पण एकदा हिनं त्याच हातानं नैवेद्याचं ताट उचललं तेव्हा त्यांचा तोल गेला. "देवालेबी डाव्या हातानं चारशीन का?" त्या म्हणाल्या. हिनं ताट मुकाट्यानं उजव्या हातात घेतलं आणि डाव्या हातानं देवघराचं दार लावलं. असल्या बाईशी भांडणार तरी कसं?

तरीही सगळ्यात चीड आणणारी गोष्ट म्हणजे तिचं बोलणं. मैदानावर बाकीच्या बायका धापा टाकत असतात, ही गप्पा मारते, आणि त्याही समोरच्या टीमशी. लाखांदूरच्या टीममध्ये एक गार्ड होती, तरणीताठी, धानाच्या बांधीत रोवणी करून करून पाय घट्ट झालेली. ती हिला अशी चिकटून खेळायला लागली की मला वाटलं, आज ताईची खैर नाही. ही टप्पे मारता मारता तिला विचारते, "तू कोनाची वो बाई? माहेर कोनतं?" पोरीनं सांगून टाकलं. आपल्याकडे मोठ्या बाईनं माहेर विचारलं की सांगावंच लागतं, हातात बॉल असला म्हणून काय झालं. हिनं तिथल्या तिथे नातं जुळवलं. "म्हणजे तू माह्या आतेबहिणीची भाची होते. मी तुही मावशीच लागतो ना मंग." त्यानंतर त्या पोरीची पंचाईत पाहवेना. मावशी लागणाऱ्या बाईला खांदा कसा मारायचा, तिच्या अंगावर कसं जायचं? ती बिचारी हातभर अंतर ठेवून अदबीनं खेळायला लागली, आणि मावशी शांतपणे तिच्या शेजारून जात राहिली. सामना संपल्यावर पोरगी हिच्या पाया पडली. हिनं तिला डब्यातला लाडू दिला. मी घरी येईस्तोवर धुमसत होते. "ताई, खोटं नातं लावलं ना तुमी?" मी विचारलं. तिनं डोळे मोठे केले. "खोटं काहून? आपल्या झाडीपट्टीत कोनीबी कोनाचं लागतेच वो. मी फक्त वेळेवर आठवण करून देल्ली."

उडी मात्र तिनं कधी मारलेली मी पाहिली नाही. ती बास्केटखाली जाते, एसटीत आपली जागा धरावी तशी समोरचीला कमरेनं बाजूला सारते आणि बॉल फळ्यावर अलगद टेकवते. दिसायला अत्यंत भिकार प्रकार, पण बॉल आत जातो. बहुतेक वेळा तर ती तेवढेही कष्ट घेत नाही, मला पास देते. तिचा पहिला पास मी नाकानं झेलला. लग्नानंतरचा पहिलाच सराव होता. मी नाक धरून खाली बसले. ती सावकाश चालत आली, स्वतःच्या ओढणीनं रक्त पुसलं आणि म्हणाली, "तू अजून तिथंच होती का? मले वाटलं पुढे गेली असशीन." म्हणजे चूक माझीच. पुढे मला हळूहळू कळलं की ती बॉल माझ्याकडे टाकतच नाही. मी जिथं असायला हवं तिथं टाकते आणि मोकळी होते, मग मला तिथं पोहोचावंच लागतं. अशी मी वर्षानुवर्षं पोहोचत राहिले, उडी मारत राहिले, आणि कॉलनी टाळ्या वाजवत म्हणत राहिली, काय धाकट्या सुनेची उडी आहे. टाळ्या मला, आणि ही पाण्याच्या बाटलीचं झाकण लावत उभी. याचासुद्धा मला राग यायचा. माणसानं थोडं तरी जळावं की नाही?

तिला हवी होती ती एकच गोष्ट. राज्याच्या स्पर्धेत, लाकडी कोर्टवर, एकदा खेळायचं. आमचं कोर्ट सिमेंटचं, जागोजागी तडे गेलेलं. कुठल्या खड्ड्यावरून बॉल कुठं पळेल हे तिला पाठ होतं, पण जिल्ह्याबाहेर ती कधी खेळायला गेलीच नाही. एकदा नणंदेचं लग्न निघालं, एकदा सासूबाईंचा मोतीबिंदू, एकदा पोराची बारावी. दर वेळी टीमची गाडी हिच्याशिवाय निघाली आणि दर वेळी ही फाटकापर्यंत पोहोचवायला आली. टीव्हीवर मोठा सामना लागला की आम्ही खेळाडू पाहतो, ही जमीन पाहते. "कशी चमकून राहिली पाह्य," म्हणते, "तिथं बॉल सरळच येत असन." यंदा पस्तिशीपुढच्या बायकांची राज्याची स्पर्धा जाहीर झाली तेव्हा पोरं मार्गी लागली होती, सासूबाई राहिल्या नव्हत्या, घरात अडवणारं कोणी उरलं नव्हतं. तिनं नवे बूट आणले. पाय बसावेत म्हणून आठवडाभर ते घालूनच स्वयंपाक केला. देवघरातही घालून जाईल की काय, या धास्तीनं दीर तिच्या मागे मागे फिरायचे.

जिल्ह्याची निवड भंडाऱ्याला होती. निवडायला बाहेरून एक सर आले होते, तरुण, गळ्यात शिट्टी, हातात स्टॉपवॉच. त्यांनी आम्हाला पळवलं, वळवलं, परत पळवलं. मग भिंतीपाशी नेलं. बोटांना खडू लावून आधी उभ्यानं भिंतीवर खूण करायची, मग उडी मारून वर दुसरी करायची. माझ्या दोन खुणांच्या मधे एक खिडकी बसली असती. जावेच्या खुणा सरांना वाकून शोधाव्या लागल्या. "मॅडम, उडी मारली का तुम्ही?" त्यांनी विचारलं. "मारली ना बाबा," ही म्हणाली, "हे वरची हाये ते उडीची." बायका हसल्या, मीही हसले. बॉल काही त्यांनी पिशवीतून काढलाच नाही. थोड्या वेळानं नावं वाचली. माझं पहिलं होतं. हिचं नव्हतं. गार्ड म्हणून भंडाऱ्याची एक बँकेतली बाई घेतली होती, पळण्यात सगळ्यांत पहिली आलेली.

मी तिथंच तोंड सोडलं. म्हटलं, सर, यांचा खेळ तरी पाहिला का? सर नम्रपणे म्हणाले, "मॅडम, गेम आता फास्ट झाला आहे. गार्ड ॲथलेटिक असावीच लागते." गेम फास्ट झाला म्हणे. अहो, बायका भिंतीबरोबर खेळणार आहेत का? भिंत कधी डावीकडे पाहून उजवीकडे पास देते? भिंतीच्या टाचा कधी सैल पडतात? कोण कुठं उभी आहे, कोण दमली आहे, कुणाला बॉल हवाय पण मागवत नाहीये, हे कोणत्या घड्याळात मोजतात ते मला दाखवा. आमच्याकडे बैलबाजारातसुद्धा गिऱ्हाईक बैलाला एकदा जुंपून पाहतं, नुसती शिंगं मोजून पैसे देत नाही. यातलं निम्मं मी मोठ्यानं बोलले आणि निम्मं मनात, पण कोणतं निम्मं कुठं, हे मला आता आठवत नाही. सरांनी शिट्टी वाजवली आणि म्हणाले, निवड झाली.

तेवढ्यात जाऊ उठली आणि सावकाश सरांकडे चालत गेली. मला हायसं वाटलं. "तुमचं गाव कोनतं, बाबा?" तिनं विचारलं. सर मूळचे साकोलीकडचे निघाले. आईचं माहेरही त्यांनी सांगितलं. ते हसायला लागले, त्यांचे खांदे सैल पडले. आता एक पाऊल, एक आतेबहीण, की नाव यादीत, असं मी मनात म्हणते आहे, तर ही काय करते? "पोरीयले चांगलं शिकवजा, बाबा," म्हणाली आणि परत आली. खाली बसून बूट काढले, पिशवीत ठेवले आणि चपला घातल्या.

परतीच्या बसमध्ये मी तिला सोडलं नाही. "बोलल्या काहून नाही, ताई? नातं लागत होतं ना?"

"लागत होतं. त्याच्या आईचं माहेर आपल्या सासूबाईच्या गावचंच निंगते."

"मंग?"

"शिट्टी वाजली होती ना वो," ती म्हणाली. "खेळ चालू हाये तवरी काय करायचं ते करावं. शिट्टी झाल्यावर मी कधी कोनाशी हुज्जत घातली का?"

मला इतका राग आला की मी म्हटलं, मग मीही जात नाही. त्यावर ती चिडली. इतक्या वर्षांत मी तिला पहिल्यांदाच चिडलेली पाहिली, आणि चिडतानाही ती हळूच चिडते. "दोघीयनं घरी बसून काय होते? एकीनं त जाऊन यावं," म्हणाली आणि खिडकीकडे तोंड करून बसली. त्यानंतर रोज संध्याकाळी तिनं त्या बँकेतल्या बाईला कॉलनीत बोलावलं आणि आपल्या जागेचं जमेल तेवढं तिला शिकवलं. मी निघाले त्या दिवशी माझ्या घराची किल्ली घेतली, लाडवाचा डबा दिला आणि नेहमीसारखी फाटकापर्यंत आली.

तिकडचं सभागृह मोठं, कोर्ट चकचकीत, मधासारख्या रंगाचं. सामन्यात त्या बँकेतल्या बाईचा दोष नव्हता, हे मी रागात असूनही सांगते. ती जीव तोडून पळाली. पण पळताना तिला बास्केटशिवाय काही दिसायचं नाही. मी बास्केटखाली पोहोचायचे, हात वर करायचे, बॉल यायचा नाही. मग दुसऱ्या बाजूनं फिरून पोहोचायचे, तरी यायचा नाही. कधी आलाच, तर मी उडी मारून खाली उतरल्यावर यायचा. ज्या उडीसाठी मला पहिली निवडली, ती उडी मी रिकाम्या हातांनी मारत राहिले. चांगल्या फरकानं हरलो. कोच म्हणून आलेले तेच सर बाकावरून म्हणाले, "मॅडम, आज तुमची उडी दिसली नाही." मी त्यांना जे सांगितलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

सामना मोबाइलवर दिसत होता, घरी सगळे बसून पाहत होते. मी पायऱ्यांवर येऊन जावेला फोन लावला आणि भडाभडा बोलत सुटले. सर, घड्याळ, भिंत, कोणालाच सोडलं नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"तू पोहचत होती वो," ती म्हणाली. "मी पाहून राहिली होती. दर वेळी बरोबर पोहचत होती."

मला रडू आलं. चारचौघांत, पायऱ्यांवर बसून, चांगलं हुंदके देऊन आलं. तिनं मला रडू दिलं. मग म्हणाली, "आयक ना. लाकडावर बॉल कसा उठते वो?"

"चांगला उठते, ताई."

"चांगला म्हणजे कसा?"

मला सांगता येईना. मी डोळे पुसून आत गेले. जेवणाची सुट्टी झाली होती, सभागृह रिकामं होतं. एक बॉल बाकाखाली पडला होता तो घेतला, कोर्टच्या मधोमध जाऊन फोन जमिनीवर ठेवला आणि त्याच्याशेजारी टप्पे मारायला लागले.

"आवाज येते का, ताई?"

"येते. जोरानं नोको मारू. हळू मार."

मी हळू मारू लागले. दारातून तिथला माणूस म्हणाला, मॅडम, हॉल बंद करायचा आहे. मी त्याला हातानंच थांब म्हटलं. जावेनं फोन ठेवला नव्हता, म्हणून मी टप्पे मारत राहिले.